रेसकोर्सवरचा डॉक्टर नेमका कोणाचा?

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "शर्यतीच्या घोड्यांवर काम करायची इच्छा आहे. पण घरचे म्हणतात, तिथला डॉक्टर म्हणजे घोड्याला टोचून पळवणारा, नाहीतर पकडलं जाऊ नये म्हणून सांभाळून घेणारा. डोप टेस्टिंगचं काम प्रत्यक्षात कसं चालतं? त्यातून घोड्याचं खरंच काही भलं होतं, की सगळं पैसे लावणाऱ्यांसाठीच?"

तुमच्या घरच्यांना नावं ठेवणार नाही. मी या कामाला लागले तेव्हा माझी आई शेजारणींना 'गुरांच्या दवाखान्यात असते' असं सांगायची. रेसकोर्स हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही.

चोवीस वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं मी ट्रेनर लोकांच्या पागांमधून घोड्यांवर उपचार केले. त्यानंतरची पंधरा पलीकडच्या बाजूला, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या क्लबची अधिकृत पशुवैद्य म्हणून. ही दोन कामं वेगळी आहेत हे बाहेर कोणाला ठाऊक नसतं, आणि तुमच्या घरच्यांच्या मनातला घोळही त्यातूनच झाला आहे. पागेतल्या डॉक्टरचे पैसे मालक देतो. घोडा शर्यतीला उभा राहावा ही मालकाची इच्छा असते आणि त्यात गैर काही नाही. क्लबच्या डॉक्टरने मात्र घोडा बघायचा आणि गरज पडली तर 'हा आज पळणार नाही' म्हणायचं. त्याने त्या घोड्यांवर खासगी उपचार करायचे नाहीत, पैसे लावायचे नाहीत, आणि पॅडकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, कोणी 'मॅडम, आज कोण?' विचारलं तर आकाशाकडे बघायचं. एकाच माणसाने या दोन्ही टोप्या घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. छोट्या केंद्रांवर माणसं कमी म्हणून त्या घातल्या जातात, आणि तिथेच गोष्टी बिघडतात.

भलं होतं का, हे सांगायला एक प्रसंग सांगते. त्यात चूक माझी होती.

पाच वर्षांचा तांबडा घोडा. शर्यतीच्या दिवशी सकाळी तपासणीसाठी बाहेर काढला. सईसाने दुडक्या चालीने पळवून दाखवला. लंगडा घोडा ओळखायची साधी खूण डोक्यात असते: पुढचा दुखरा पाय जमिनीला लागला की तो डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकला की खाली घेतो. या घोड्याचं डोकं स्थिर होतं. पाय चाचपले, सांधे वाकवून परत पळवला, काही नाही. मी सही केली. संध्याकाळी तो चौथा आला. दुसऱ्या दिवशी तीन पायांवर उभा होता. एक्स-रेमध्ये नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाला केसासारखी रेघ दिसली. काही दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला: फिनाइलब्युटाझोन. आमच्या भाषेत 'ब्यूट'. स्वस्त, जुनं, चांगलं वेदनाशामक. घोड्याला पळवणारं औषध मुळीच नाही.

म्हणजे माझ्या डोळ्यांना आणि बोटांना जे कळायला हवं होतं ते त्या औषधाने झाकलं होतं. जॉकीलाही कळलं नाही, आणि घोड्याला तर नाहीच. पन्नासएक किलोचा माणूस पाठीवर घेऊन साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो. त्या वेगात पुढच्या एकेका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. हाडाला आधीच बारीक तडा असेल तर दुखणं हाच त्याचा एकमेव ब्रेक. तो काढून घेतला की घोडा पूर्ण जोराने पाय आपटत राहतो. हा नशिबाने वाचला. चार महिने विश्रांती, मग हळूहळू चालणं, आणि पुढच्या हंगामात परत मैदानात. ट्रेनरला शिक्षा झाली. मला कोणी काही बोललं नाही. सही माझी होती, एवढंच.

डोपिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोकेन, उत्तेजक, सिनेमातली सुई येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते खरं होतंच. इंग्लंडमध्ये १९०३ साली घोड्याला डोप देण्यावर बंदी आली ती असल्याच प्रकारांमुळे. पण माझ्या कामात सगळ्यात जास्त धास्ती मला साध्या, दुकानात मिळणाऱ्या वेदनाशामकांची आणि सांध्यात टोचलेल्या स्टेरॉइडची वाटत आली आहे. ब्रिटनमध्ये सांध्यात स्टेरॉइड दिल्यावर १४ दिवस घोडा शर्यतीत उतरवता येत नाही. औषध वाईट म्हणून नव्हे, तर सांधा काय म्हणतो ते ऐकायला तेवढे दिवस लागतात म्हणून.

'पाय मोडला तर मारून का टाकता, प्लास्टर घाला की!' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. काही मोड स्क्रू घालून नीट जुळतात आणि घोडे परत पळतात. पण हाडाचा चुरा झाला, कातडी फाटून हाड बाहेर आलं, तर गणित वेगळं. घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि तो महिनोन् महिने आडवा पडून राहू शकत नाही. दुखरा पाय उचलून धरला की सगळा भार चांगल्या पायावर, आणि मग त्या खुरातलं हाड धरून ठेवणारे थर सुजून सुटू लागतात. अमेरिकेतल्या बार्बारोचं हेच झालं. २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकला, दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मागचा पाय मोडला, उत्तमातली उत्तम शस्त्रक्रिया झाली, पाय बराचसा जुळलाही. जानेवारी २००७ मध्ये त्याला इंजेक्शन देऊन मरण द्यावं लागलं ते मुख्यतः बाकीच्या खुरांमुळे. आपल्याकडे उत्तराखंड पोलिसांचा शक्तिमान घोडा आठवत असेल. २०१६ मध्ये त्याला कृत्रिम पाय बसवला, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि महिनाभरात तो गेला. म्हणून मैदानावर अशा पडलेल्या घोड्याभोवती हिरवा पडदा धरला जातो तेव्हा आत उभ्या असलेल्या डॉक्टरला निर्दयी म्हणू नका. त्या पडद्यामागे मी किती वेळा उभी राहिले ते मोजणं मी सोडून दिलं आहे.

आता सॅम्पलिंग बॉक्स, म्हणजे डोप टेस्टसाठी नमुने घेतात ती जागा. इथे सिनेमा अजिबात नाही, वाट बघणं आहे. शर्यत संपली की जिंकलेला घोडा आणि स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, निवडलेले आणखी काही इकडे येतात. एखादा हमखास जिंकणार असं धरलेला घोडा मागे पडला तर तोही. त्याला फिरवून घाम जिरवायचा, पाणी पाजायचं, मग कोरड्या गवताच्या जाड थरावर उभा करायचा, आणि सईस शीळ घालतो. एका सुरातली, लांबलचक. लहानपणापासून या शिळेवर घोड्यांना सवय लावलेली असते. लांब दांड्याला अडकवलेलं भांडं घेऊन आमचा माणूस मांजराच्या पावलांनी जातो, कारण घोड्याने त्याला पाहिलं की बेत रद्द. तासभर वाट बघूनही लघवी झाली नाही तर मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं.

नमुन्याचे दोन भाग होतात, ए आणि बी. दोन्ही बाटल्या घोड्याच्या माणसासमोर सीलबंद, क्रमांक लावलेल्या, त्याची सही घेतलेल्या. प्रयोगशाळेत घोड्याचं नाव जात नाही, फक्त क्रमांक. ए पॉझिटिव्ह आला तर ट्रेनरला बी दुसरीकडे तपासून मागता येतो. ऐकायला कारकुनी वाटतं, पण माझ्या अनुभवात चौकशीच्या दिवशी वकील रसायनशास्त्राला हात लावत नाही. तो विचारतो: बाटली साडेपाचला भरली, फ्रीजमध्ये सव्वासहाला गेली, मधली पाऊण तास ती कोणाच्या हातात होती? एकदा आमच्या एका सहकाऱ्याने सीलचा आकडा उलटा लिहिला, ३६ चे ६३, आणि स्वच्छ पॉझिटिव्ह केस बुडाली. तेव्हा अक्षर सुधारा. गंमत करत नाही.

आणि घोडं कुठे पेंड खातं म्हणाल तर खरोखर पेंडीतच. माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत कट-कारस्थान कमी आणि ढिसाळपणा जास्त निघाला. चंदीत कोकोची टरफलं मिसळली असतील तर नमुन्यात थिओब्रोमिन हे कोकोतलं उत्तेजक. खसखशीच्या झाडाचे अवशेष धान्यात आले तर मॉर्फिन. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या एस्टिमेट या घोडीच्या नमुन्यात ते असंच आलं होतं. लसूणघासात धोतरा उगवलेला आणि कापणाऱ्याने तसाच बांधलेला असेल तर ॲट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन ही धोतऱ्यातली विषं, वर आतडी सुस्तावून पोटशूळ उठायची भीती वेगळीच. २०२० मध्ये पॅरिसच्या आर्क शर्यतीच्या आदल्या दिवशी एका नामांकित आयरिश ट्रेनरला आपले चारही घोडे मागे घ्यावे लागले, कारण खाद्यात झिल्पाटेरॉल, म्हणजे गुरांचं मांस वाढवायचं औषध, मिसळलं गेल्याचं निघालं. कोट्यवधींचे घोडे, आणि गोंधळ कुठे, तर पोत्यात.

आपल्या पागांची स्वतःची खासियत म्हणजे 'मसाला'. जुने सईस घोड्याला ताकद यावी म्हणून घरगुती पूड देतात. ती कोणत्या आजोबांची कृती आहे हे अभिमानाने सांगतात, आत काय आहे ते सांगत नाहीत. एकदा अशा पुडीत कुचला निघाला. कुचल्यात स्ट्रिकनीन असतं, आणि ते विष आहे. त्या सईसाला मी हे सांगितलं तेव्हा तो रडकुंडीला आला. घोड्याच्या थानाशेजारी, म्हणजे त्याच्या खोलीबाहेर, खाट टाकून झोपणारा माणूस तो. दुसरा एक पॉझिटिव्ह आमचं डोकं खाऊन गेला, कारण पागेत ते औषधच नव्हतं. शेवटी कळलं की सईस स्वतःच्या गुडघेदुखीवर त्या गोळ्या घेत होता आणि रात्री आळस म्हणून थानातल्याच गवतावर लघवी करत होता. घोड्याने ते गवत खाल्लं. हसू नका, जगभर नोंदलेला प्रकार आहे. तेव्हापासून मी पागेत गेले की औषधांच्या कपाटाआधी सईसांचं संडास कुठे आहे ते बघते. लांब असेल तर पुढे काय होणार ते ठरलेलंच.

माणसांचं मलमसुद्धा. सईसाने पाठीला वेदनाशामक मलम चोळलं आणि त्याच हाताने लगाम चढवला, की संपलं. २०२१ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेल्या मेडिना स्पिरिटच्या रक्तात बीटामेथाझोन हे स्टेरॉइड सापडलं, मिलीलिटरला २१ पिकोग्रॅम. कातडीच्या पुरळावरच्या मलमातून ते गेलं असं घोड्याच्या बाजूने सांगितलं गेलं. तरी विजेतेपद गेलंच. मलम असो वा इंजेक्शन, त्या दिवशी ते शरीरात नको, हा नियम.

'एवढ्या सूक्ष्म प्रमाणाने काय होतं?' हा वाद रास्त आहे आणि त्यावर आमच्या क्षेत्राने विचारही केला आहे. जे पदार्थ शरीरात किंवा चाऱ्यात मुळातच असतात त्यांना आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या आहेत. लघवीत थिओब्रोमिन मिलीलिटरला २ मायक्रोग्रॅम, आर्सेनिक ०.३, ॲस्पिरिनच्या कुळातलं सॅलिसिलिक ॲसिड तब्बल ७५०, कारण लसूणघास खाणाऱ्या घोड्यात ते आपसूकच येतं. त्याखाली कोणी विचारत नाही. आर्सेनिकचा आकडा नुसता कागदावरचा नाही. एके काळी घोड्यांच्या टॉनिकात ते सर्रास घालत. ऑस्ट्रेलियाचा लाडका घोडा 'फार लॅप' १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अचानक मेला, आणि सत्तरहून जास्त वर्षांनी त्याच्या आयाळीचे केस तपासले तेव्हा त्यात आर्सेनिक सापडलं. केस हा घोड्याचा दैनंदिनीचा कागद आहे. महिन्याला दोनेक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे लघवीतून पुसलं गेलेलं, स्नायू वाढवणारं ॲनाबॉलिक स्टेरॉइडही महिन्यांनंतर तिथे वाचता येतं.

आणखी एक आकडा पाठ करा: ३६. रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडची मर्यादा, लिटरला ३६ मिलिमोल. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नाकातून नळीने पोटात सोडला की स्नायूंत साठणाऱ्या आम्लाला थोडा उतारा मिळतो आणि घोडा दमायला उशीर लागतो, अशी त्यामागची समजूत. सोडा किराणा दुकानात मिळतो, म्हणून 'त्यात काय एवढं' म्हणतात. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. म्हणून शर्यतीआधीच रक्त घेतलं जातं, आणि ते वेळेत तपासावं लागतं, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही.

पागेत काम करायला लागलात तर तुमच्यावर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रसंग वेगळाच असेल. ट्रेनर विचारेल, 'डॉक्टर, हे दिलं तर किती दिवसांनी पळवू?' युरोपातल्या शर्यत-प्रयोगशाळांच्या समितीने औषध नमुन्यात किती काळ सापडतं याचे तक्ते दिले आहेत: वेदनाशामकांपैकी मेलॉक्सिकॅम ७२ तास, फ्लुनिक्सिन १४४, ब्यूट १६८. नवीन डॉक्टर तोच आकडा ट्रेनरला देऊन मोकळा होतो. चूक. तो आकडा मोजक्या निरोगी घोड्यांवर, ठरावीक मात्रेत काढलेला असतो. तुमचा घोडा आजारी आहे, कमी पाणी पितोय, मात्रा दोनदा दिली आहे, आणि गवतावर पडलेली औषधी लघवी परत खातोय. स्वतःची पुरेशी भर घालूनच दिवस सांगायचे, आणि ते वहीत लिहायचे. पेनिसिलिनचं तर विशेष ध्यान ठेवा. खुरात पू झाला म्हणून निरागसपणे प्रोकेन पेनिसिलिन टोचलं, तर पेनिसिलिनबद्दल कोणी बोलणार नाही. प्रोकेन हे भूल देणारं औषध असल्यामुळे ते आठवड्यांनंतरही गळ्याशी येऊ शकतं. त्यातून एका तरुण डॉक्टरची नोकरी गेलेली मला माहीत आहे. हुशार मुलगा होता.

चाचणीने सगळं साधत नाही हेही सांगायला हवं. चाबूक बाटलीत सापडत नाही. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीत चाबूक मारणं बंद केलं. ब्रिटनने २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा फटक्यांची मर्यादा घातली. मला नॉर्वेचं पटतं. आमच्या व्यवसायात सगळ्यांना पटत नाही, आणि जॉकी घोडा सरळ ठेवायला चाबूक लागतो म्हणतात त्यातही थोडं तथ्य आहे. हाडं पक्की व्हायच्या आत जोराने पळवलेलं शिंगरू, नाकातून रक्त येऊनही ते कापसाने पुसून गप्प बसणारी पागा, दिवसाचे बावीस-तेवीस तास थानात बंद राहून लाकूड चावणारा घोडा, यांतलं काहीही लघवीत दिसत नाही. त्यासाठी पहाटे साडेचारला उठून पागेत जावं लागतं.

निवृत्त घोड्यांचं काय होतं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. घोडा पंचवीस वर्षं जगू शकतो, पळतो पाच-सहा. चांगल्या घोड्या पैदाशीला जातात, काही घोडे रायडिंग स्कूलला, पोलिसांकडे. काहींचा माग लागत नाही. पुण्याचे पूनावाला आपले निवृत्त घोडे तुमच्या कॉलेजच्या शेजारच्या हाफकिन संस्थेला लस-रक्तद्रव बनवण्यासाठी देत, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. सर्पदंशाचं औषध आजही घोड्यांच्या रक्तातून येतं. पण मालकाने घोडा विकत घेतानाच त्याच्या म्हातारपणाचे पैसे बाजूला ठेवले पाहिजेत, असं मी प्रत्येक सभेत म्हणते आणि प्रत्येक सभेत चहा येतो.

येणार असाल तर आधी दोन-तीन महिने नुसतं बघायला या. महालक्ष्मी तुम्हाला परळहून जवळ आहे. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल घोडे तिथे असतात, पावसाळ्यात पुण्याला. पहिले काही आठवडे सुईला हात लावू नका, चाल बघा. शंभर निरोगी घोडे दुडक्या चालीने जाताना पाहिले की एकशे पहिला लंगडा आपोआप डोळ्यात भरतो. नालबंदाशी मैत्री करा, खुराबद्दल तो कॉलेजपेक्षा जास्त शिकवेल. मुलगी म्हणून सुरुवातीला सईस तुमच्याऐवजी तुमच्या मदतनिसाकडे बघून बोलतील. एखाद्या आडदांड घोड्याची नस पहिल्या फटक्यात सापडली की ते थांबतं. आणि शीळ घालायला शिकून या. मला चोवीस वर्षांत जमलेली नाही. मी तोंड वाकडं केलं की सगळा सॅम्पलिंग बॉक्स हसतो, घोडा तेवढा ढिम्म उभा राहतो.